सरस्वतीच्या गावाला दुसरी तालीम

तेलंगणातल्या बासरच्या मंदिरात अक्षराभ्यासाचा विधी चालू असतो तेव्हा सगळ्यांचे डोळे मुलांच्या पाट्यांवर असतात. ओळीने बसलेले आईबाप, मांडीवर पोर, समोर पाटी आणि खडू, पुजाऱ्यांचे मंत्र आणि त्यांच्याही वर चढलेला पोरांचा सूर. विधी आटोपतो, सगळे उठायला लागतात, आणि खरी बघण्याजोगी गोष्ट तेव्हा सुरू होते. पोर एका झेपेत उभे राहते. तिशीतला बाप गुडघ्यावर हात रोवून उठतो. आई एक तळवा जमिनीला लावते. आणि नातवाचा श्रीगणेशा पाहायला नांदेडहून किंवा धर्माबादहून आलेली आजी आधी खांब शोधते; खांब लांब असेल तर सुनेचा खांदा.

ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो यांनी नेमकी याच हालचालीची परीक्षा घेतली. ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ जणांना त्यांनी जमिनीवर बसून उठायला लावले. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात, कोपर, गुडघा, जे काही टेकेल त्याचा एकेक गुण वजा. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने निष्कर्ष छापले. कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत दगावणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. बासरच्या मंडपात ही परीक्षा कित्येक जण नकळत देऊन जातात. गुणपत्रिका तेवढी कोणी हातात ठेवत नाही.

हे गाव शिक्षणाचे आहे याबद्दल दुमत नाही. गोदावरीकाठची ज्ञानसरस्वती, बुद्धी वाढते म्हणून चाटायची हळद, वसंत पंचमीला लोटणारी गर्दी. त्यात २००८ साली राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आले. दहावीनंतर थेट प्रवेश, सहा वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, खेड्यापाड्यांतली मुले आणि मांडीवर लॅपटॉप. म्हणजे पहिले अक्षर गिरवण्यापासून अभियंत्याच्या पदवीपर्यंतचा सगळा प्रवास एका गावात होऊ शकतो. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे बसणे. उठायचे कसे, हे मात्र कोणत्याच इयत्तेत नाही.

गंमत अशी की या मुलखात शिक्षण आणि अंगमेहनत या दोन्ही गोष्टींसाठी शब्द एकच होता. बासरच्या परिसरातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होती. राज्य पुनर्रचनेत ती आदिलाबादला जोडली गेली. २०१६ मध्ये आदिलाबादचेही तुकडे झाले आणि बासर निर्मल जिल्ह्यात गेले. सरकारी रेषा सरकत राहिल्या, बोलणे तिथेच राहिले. तेलुगू, मराठी आणि हैदराबादी उर्दू एकाच पारावर नांदतात. त्या उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती, खुंटीवर लंगोट आणि दारात वस्ताद. अरबीतून आलेल्या शब्दाचा मूळ अर्थ शिकवणे हाच. मराठी माणसाने तो अंगमेहनतीला लावला आणि नाटकवाल्यांनी सरावाला. शरीराचे बळ ही शिकण्याची आणि गिरवण्याची गोष्ट आहे, असे त्या वापरामागचे गृहीतक दिसते. ते आज विसरले गेले आहे. बळ म्हणजे जन्मजात देणगी, तरुण पोरांची हौस किंवा जिमची मासिक फी असा आता समज आहे.

या लेखाचे म्हणणे त्याच्या उलट आहे. ताकदीचा व्यायाम साक्षरतेसारखा घरोघरी गेला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी साधने आज इतकी स्वस्त आहेत की न करण्याला पैशाचे कारण चालणार नाही. एक-दोन डंबेल किंवा वाळू भरलेल्या बाटल्या आणि काही शे रुपयांच्या रबरी पट्ट्या. एवढ्यावर बासरच्या आजीचे, विडी वळणाऱ्या सुनेचे आणि वसतिगृहातल्या पोराचे काम भागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. दिवसभर राबणाऱ्यांना वेगळा व्यायाम कशाला? प्रश्न रास्त वाटतो, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

निजामाबाद, निर्मल, जगतियाल, कामारेड्डी या पट्ट्यात घरोघरी बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूपाने आणि तंबाखू, मान खाली, खांदे पुढे. मजुरी मोजायची ती हजार विड्यांच्या हिशेबाने, त्यामुळे मान वर करणे म्हणजे पैसे बुडणे. तेलंगणाच्या 'आसरा' निवृत्तिवेतनात विडी कामगारांचा वेगळा गट आहे. सरकारनेही या कामाची झीज मान्य केली आहे, असेच त्यावरून म्हणावे लागते. या बाईला कोणी आळशी म्हणणार नाही. पण तिच्या दिवसात पायांना भार नाही, पाठीच्या वरच्या भागाला ओढ नाही, छाती कधी उघडत नाही. बोटे आणि मान यांच्यावर अति ताण, आणि मांड्या, नितंब, पाठ यांच्यावर काहीच नाही. कापूस वेचणाऱ्या बाईची गत वेगळी. ती तासन्तास कंबरेत वाकलेली असते, वाकण्याचा तोच एक कोन, हंगामभर.

कष्ट आणि व्यायाम यांतला फरक इथेच आहे. कामात भार मालक ठरवतो, किती वेळ ते पीक ठरवते, आणि विश्रांती कोणीच ठरवत नाही. व्यायामात भार मोजून थोडा थोडा वाढवायचा असतो, मध्ये एक-दोन दिवसांची सुट्टी द्यायची असते, आणि कामात जे स्नायू उपाशी राहतात त्यांना मुद्दाम खाऊ घालायचे असते. रबरी पट्टी दोन्ही हातांत धरून छातीसमोर ताणत बाजूंना न्यायची, ही हालचाल विडी वळण्याच्या बैठकीच्या बरोबर उलटी आहे. बारा वेळा, थोडे थांबून पुन्हा बारा वेळा. शंभर विड्या वळायला लागतो त्याहून कितीतरी कमी वेळ.

दुसरा आक्षेप बारीक माणसांचा असतो. 'आम्ही कुठे जाड आहोत?' याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचा फोटो छापून दिले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी शेजारी शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांना सारखेच म्हणत होता, आत गोष्ट वेगळी होती. बारीक हातपाय, कमी स्नायू आणि पोटाशी साठलेली चरबी, ही आपल्या लोकांची ठेवण. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेण्याचे मोठे काम स्नायूंचे असते. स्नायूच तोकडे असतील तर साखर कुठे जाणार? देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीने २०२३ मध्ये दिला, त्याचा एक धागा इथपर्यंत येतो. साखर वाढली की डॉक्टर चालायला सांगतात, आणि लोक चालतातही. चालणे चांगलेच. पण चालण्याने दंड, पाठ आणि खांदे यांना फारसे काही मिळत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की आदिलाबादच्या बाजूला सकाळी आठनंतर चालणे ही शिक्षा होते. घरातल्या व्यायामाला ऊन लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चालण्या-धावण्याच्या मिनिटांबरोबर आणखी एक ओळ आहे. सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस करावा. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल आणि ताकद यांचा व्यायाम तीन दिवस करावा. पहिला भाग वर्तमानपत्रांतून सगळ्यांना पाठ झाला. दुसरा कोणी वाचलाच नाही. तरुणांना सांगायचे ते म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवले आणि म्हाताऱ्यांना सांगायचे ते तरुणांना सांगितले, असा हा घोळ आहे. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर घट वेग घेते. म्हणजे वजन उचलण्याची खरी गरज बावीस वर्षांच्या पोराहून त्याच्या आजीला अधिक आहे.

आजी आणि वजन? ऐकताच घरातले हसतील. १९९० मध्ये बॉस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात संशोधक मारिया फिआटारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना पायांचा जड व्यायाम दिला. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, वजन हळूहळू वाढवत. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्या वयात स्नायू बनत नाहीत, ही समजूत त्या दहा म्हाताऱ्यांनी मोडीत काढली. पुढे २०१५ मध्ये भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या मुठीची पकड मोजून केलेला अभ्यास आला. पकड ५ किलोंनी कमी असेल तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त, आणि मृत्यूचा अंदाज बांधायला रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा पकडीचा आकडा सरस, असे त्यात दिसले. पकड हे कारण आहे की अंगातल्या एकूण ताकदीची नुसती खूण, याचा वाद तज्ज्ञ घालोत. बरणीचे झाकण उघडेना झाले की घरातल्यांनी सावध व्हायला तेवढे पुरे.

वजने आणि ताणाची साधने हे विलायती खूळ आहे, अशी तक्रार या भागात ऐकू येण्याची शक्यता आहे. तिला उत्तर मिरवणुकीत मिळेल. लेझीम आज नाचाची झाली आहे. २०२५ च्या जानेवारीत एका ऐतिहासिक चित्रपटात ती कोणी खेळावी यावरून महाराष्ट्रभर खडाजंगी झाली आणि ते दृश्य काढण्याचे जाहीर करावे लागले. मुळात मात्र लेझीम ही धनुष्य ओढण्याचा सराव करण्याची कमान. दोरीच्या जागी लोखंडी साखळी आणि चकत्या. शब्द फारसी, आणि इराणच्या जोरखान्यांत तिची बहीण 'कब्बादे' या नावाने अजून डोक्यावर फिरवली जाते. जोरखान्यातला 'जोर' म्हणजे आपण तालमीत मारतो तोच जोर. ताणाला ताण देऊन खांदा कमावण्याची कल्पना मराठी माणसाच्या अंगणात कित्येक पिढ्या पडून आहे. आता साखळीच्या जागी रबर आले.

वजनांचेही तसेच. मुद्गल, करेल, गळ्यात अडकवायची दगडी चकती, उचलायचा नाल, हे सगळे तालमीचे सामान होते. बडोद्यात जुम्मादादा या मुसलमान वस्तादांचे शिष्य माणिकराव यांनी गुरूच्या नावाने व्यायाममंदिर चालवले आणि सांघिक कवायतीला देशी भाषेतल्या आज्ञा दिल्या. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी मराठीत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश उभा केला. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि १९३६ मध्ये त्यांचा संघ बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आला. पलीकडच्या तेलुगू मुलखाने कोडी राममूर्ती दिले. छातीवरून हत्ती चालवणारे, अंगाला बांधलेली साखळी तोडणारे 'प्रोफेसर राममूर्ती' महाराष्ट्रातही घराघरांत माहीत होते. आणि विलायतेतले शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो? त्यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस रबरी दोर आणि डंबेल एकत्र करून घरात भिंतीला अडकवायचे यंत्र विकायला काढले होते. म्हणजे 'घरच्या घरी वजन आणि पट्टी' ही जाहिरात सव्वाशे वर्षांची आहे. ते यंत्र गेले; सँडो मात्र बिनबाह्यांच्या बनियनवर नाव ठेवून गेले.

या वारशाचा अभिमान बाळगताना त्यातली उणीवही बोलली पाहिजे. तालीम बाप्यांची होती. बायकांच्या वाट्याला जाते, मुसळ, रहाट आणि डोक्यावरच्या घागरी आल्या. त्यांनी ताकद यायची, पण ती कोणी मोजली नाही, शिकवली नाही आणि तिच्यासाठी खुराकही दिला नाही. पिठाची गिरणी आली, नळ आला, आणि ते कष्ट गेले ते बरेच झाले. जात्यावर पुन्हा बसा असे सांगणाऱ्यांनी आधी स्वतः पहाटे चारला पायली दळून दाखवावी. पण जात्याबरोबर हातांचा आणि पाठीचा भारही गेला आणि त्या जागी काहीच आले नाही, ही वस्तुस्थिती आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने दिलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हत्या; पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते.

तालमीची दुसरी उणीव आकड्यांच्या मोहाची. पाचशे जोर, हजार बैठका. दमसास त्याने उत्तम वाढतो, पहिलवानाला तो हवाही असतो. पण पन्नाशीच्या बाईला हजार बैठका सांगणे म्हणजे तिला व्यायामातून कायमचे उठवणे. अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी १९४५ मध्ये जखमी सैनिकांच्या गुडघ्यांवर उपचार करताना वेगळी वाट घेतली. हलके हलके शेकडो वेळा करण्याऐवजी जड, पण मोजकेच वेळा. आणि जमू लागले की वजन वाढवायचे. आजची सगळी शास्त्रीय ताकदसाधना या साध्या विचारावर उभी आहे. बासरच्या लोकांना तो समजावणे तर सोपे. पाटीवर आधी रेघ, मग अक्षर, मग जोडाक्षर. 'अ' वळणदार आला की पंतोजी 'आ' देतो, जन्मभर 'अ' गिरवत बसवत नाही.

आता साधनांकडे. डंबेलचा भार कायम खालच्या दिशेने असतो, कारण तो पृथ्वी ओढते. पट्टीचा भार जिकडे बांधाल तिकडून येतो. त्यामुळे ओढण्याच्या हालचाली, ज्या घरात नुसत्या डंबेलने अवघड जातात, त्या पट्टीने सहज होतात. पट्टी जितकी ताणाल तितकी जड होते. सुरुवातीला हलकी, शेवटी कडक. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फिजिओथेरपिस्टांसाठी रंगीत पट्ट्या आल्या, आणि रंगांवरून ताण ओळखण्याची रीत पडली. त्या मूळ मालिकेत पिवळी पट्टी दुप्पट ताणली की सव्वा किलोच्या आसपास ओढ देते, लाल, हिरवी, निळी, काळी अशा चढत्या क्रमाने सोनेरी सहा किलोंच्या पुढे जाते. बाजारातल्या सगळ्या कंपन्या हा क्रम पाळत नाहीत, म्हणून रंगापेक्षा हातावर विश्वास ठेवावा. बारावी खेप जड गेली पाहिजे आणि विसावी जमू नये, अशी पट्टी आपली. २०१९ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. ताकद वाढवण्यात रबरी साधने आणि पारंपरिक वजने यांत लक्षणीय फरक आढळला नाही. मग पट्टी की वजन हा वाद मिटतो. घरात दोन्ही असावे. वाळू भरलेली एक लिटरची बाटली दीड किलोच्या आसपास जाते, पाच किलोची तांदळाची पिशवी तर पाच किलोचीच असते.

आणि 'कोअर'. या शब्दाने गेल्या काही वर्षांत मोठा धुमाकूळ घातला आहे. पोटावर सहा चौकोन दिसले म्हणजे कोअर, अशी तरुणांची समजूत. खरे तर ते चौकोन दिसणे हा मुख्यतः चरबी कमी असण्याचा प्रश्न आहे. कोअर म्हणजे पोटाभोवती आडवा फिरणारा खोल स्नायू, मणक्यालगतचे बारीक स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ, असा चहूबाजूंचा डबा. भार आला की हा डबा घट्ट होऊन मणका सांभाळतो. मराठीने याला केव्हाच नाव दिले आहे: कंबर कसणे. स्वारीला निघणारा शेला आवळून बांधायचा, स्टेशनावरचा हमाल आजही गमछा आवळतो, तेव्हा तो बाहेरून तेच करत असतो जे आतल्या स्नायूंनी करायचे असते. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात मणक्याचा अभ्यास केलेले स्टुअर्ट मॅकगिल सिट-अप्स मारून पोट कमावण्याच्या विरोधात आहेत, कारण त्यात मणका पुन्हा पुन्हा दुमडतो. त्यांचे तीन व्यायाम प्रसिद्ध आहेत. उताणे झोपून, एक गुडघा वाकवून, कंबरेखाली तळहात ठेवून डोके आणि खांदे बोटभर उचलून धरणे. कुशीवर कोपर टेकून अंग सरळ रेषेत उचलणे. आणि रांगत्या बाळासारखे होऊन डावा हात व उजवा पाय लांब करून थांबणे, मग अदलाबदल. तिन्हींत हालचाल कमी आणि धरून ठेवणे जास्त. यात एकच भर घालावी: एका हातात भरलेली बादली घेऊन न कलंडता अंगणात फेऱ्या मारणे. दुसऱ्या बाजूच्या बरगड्यांखाली काय चालले आहे ते दुसऱ्या दिवशी कळते.

बाकीचा व्यायाम चार क्रियांत बसतो. खुर्चीवरून हात न लावता उठणे, पुढे खुर्ची काढून तीच बैठक. भिंतीला हात लावून ढकलणे, मग ओट्याला, मग जमिनीवर जोर. खांबाला पट्टी गुंडाळून पोटाकडे ओढणे. आणि पाठ सरळ ठेवून, नितंब मागे नेत, जमिनीवरची पिशवी उचलणे. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन किंवा तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस. जोर लावताना श्वास सोडायचा. दम कोंडून धरला की रक्तदाब उसळतो, म्हणून रक्तदाबवाल्यांनी याला नियमच समजावे. हृदयविकार, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारणे आलेच. पट्टी दाराच्या लटपटत्या कडीला बांधू नये. सुटलेली पट्टी सरळ डोळ्यावर येते.

सरकारने या बाबतीत काही केले नाही असे नाही. तेलंगणाने २०२२ पासून गावोगावी क्रीडा प्रांगणे काढली, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना उद्यानांत रंगीत लोखंडी यंत्रांच्या उघड्या व्यायामशाळा उभ्या आहेत. त्यांतली बरीच यंत्रे झोपाळ्यासारखी झुलतात. भार वाढवायची सोय नसते, म्हणजे 'अ' च्या पुढे धडाच नाही. दुपारी लोखंड चटके देते आणि संध्याकाळी चार लोकांसमोर पाय हलवायला सून धजत नाही. त्या खर्चाचा थोडा हिस्सा बचत गटांकडे वळवला तर? गटाला पट्ट्यांचे पाच-सहा संच, महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टची फेरी, आणि जिच्या घरी बैठक तिच्या ओसरीवर अर्धा तास. गट हिशेब लिहितोच. कर्जाच्या हप्त्याशेजारी कोण कितीदा उठली-बसली याचा रकाना आखायला वही तीच चालते. विद्यापीठाच्या वसतिगृहात तर मुले हजारोंनी एकत्र राहतात, तिथे दोन तासिकांमधली दहा मिनिटे पुरतील.

राहिला खुराक. पहिलवानाची थंडाई आणि तूप-बदाम परवडत नाहीत, म्हणून पोरे पावडरीच्या डब्यांकडे वळली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळा असे स्पष्ट म्हटले आहे. सर्वसाधारण प्रौढाची गरज किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. तुरीचे वरण, शेंगदाणे, दूध, अंडी, हरभरा यांतून ती भागते. भागत नसेल तर ताटात भात फार आणि डाळ पातळ आहे. निर्मल-आदिलाबादच्या शेतात सोयाबीन पिकते, ते बाजारात जाते, आणि त्याच रस्त्याने परत येताना पोरगा तीन हजारांचा डबा घेऊन येतो. या व्यवहारात शेतकरी बाप दोनदा तोट्यात जातो.

एक व्यावहारिक गोष्ट या भागासाठी वेगळी सांगावी लागते. रबर उन्हाने मरते. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली किंवा खिडकीच्या गजाला लटकलेली पट्टी पावसाळ्यापर्यंत चिकट होते, तिला केसासारख्या चिरा पडतात, आणि मग ती ताणताना तुटते. वापरून झाल्यावर घाम पुसावा, थोडी टाल्कम पावडर चोळावी, आणि घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या भिंतीच्या खुंटीला अडकवावी. विडीचे सूप बहुधा तिथेच टांगलेले असते.